सत्तरीतल्या आई-बाबांना घेऊन न्यूझीलंडमध्ये मोटरहोमने फिरणं जमेल का?

तुम्ही एका दमात तीन गोष्टी विचारल्या आहेत: आई ६८ आणि वडील ७२, त्यांना मोटरहोम, म्हणजे आत झोपायची-रांधायची सोय असलेली गाडी, झेपेल का; पंधरा दिवसांत दोन्ही बेटं होतील का; आणि प्राणी-पक्षी खरंच दिसतात की नुसते जाहिरातीत असतात. झेपेल. दोन्ही बेटांचा हट्ट सोडा. प्राणी दिसतात, पण संध्याकाळी एका जागी गपचूप बसायची तयारी हवी.

आम्ही चौघं फेब्रुवारीत गेलो होतो, मी, नवरा आणि माझे आई-बाबा. गाडी क्राइस्टचर्चला घेतली आणि तिथेच परत केली. दोन आठवडे फक्त दक्षिण बेट, त्यातला पश्चिम किनाराही गाळला. परत आल्यावर ओळखीतले लोक हळहळले, "फ्रान्झ जोसेफ हिमनदी नाही पाहिली?" नाही पाहिली. ते दिवस आम्ही कॅटलिन्सला दिले.

बेटाच्या पार दक्षिणेचा हा भाग. तिथे क्युरिओ बे म्हणून किनारा आहे. ओहोटीला ज्युरासिक काळातल्या जंगलाचे दगड झालेले बुंधे आणि ओंडके उघडे पडतात. लाकडाच्या रेषा दिसतात, हात लावला की थंडगार दगड. दुपारी माणसं येतात, फोटो काढतात आणि जातात, कारण मुक्कामाचं ठिकाण लांब असतं. पिवळ्या डोळ्यांचा पेंग्विन मात्र समुद्रातून परततो तो दिवस कलल्यावर. माओरी भाषेत त्याला होइहो म्हणतात. फेब्रुवारीच्या सुरुवातीला तिकडे सूर्य मावळतो रात्री नऊच्या सुमाराला. तोपर्यंत थांबायचं आणि मग अंधारात अनोळखी रस्त्याने गाडी हाकायची, हे आई-बाबांना घेऊन मी केलं नसतं. आमचं घरच पाच मिनिटांवर उभं होतं, घायपातासारख्या उंच पानांच्या झुडपांच्या आडोशाला. पिठलं-भात झाला, भांडी घासून झाली, कानटोप्या चढवल्या आणि जाऊन बसलो.

पहिल्या संध्याकाळी एकही आला नाही. आई म्हणाली, "देवळात गेल्यावर रोज दर्शन होतंच असं थोडंच आहे." दुसऱ्या संध्याकाळी पावणेनऊला लाटेतून एक बाहेर पडला. उभा राहिला, अंग झटकलं आणि त्या दगडी ओंडक्यांमधून सावकाश, थांबत थांबत वर चढू लागला. बाबा बँकेतून निवृत्त झालेत. ते हळूच म्हणाले, "ऑडिटला आलेला साहेब." मग त्यांनी खिशातून पाच डॉलरची नोट काढली. तिच्यावर हाच पक्षी आहे, तो आणि हा ताडून पाहिला. पेंग्विनपासून किमान ५० मीटर लांब राहायचं असतं, वाटेत माणूस दिसला तर तो पिल्लांना भरवायला न जाता समुद्रात परत फिरतो. आधीच ही जात फार कमी उरली आहे. दुर्बीण न्याच, मोबाइलवर नुसता ठिपका येतो.

म्हणून माझं म्हणणं, गाडी भाड्याने घ्यायची ती पळवायला नव्हे, संध्याकाळी आणि भल्या पहाटे योग्य ठिकाणी उभी करायला. जिथे जाल तिथे दोन रात्री. सकाळी त्याच क्युरिओ बेला लागून असलेल्या पॉरपॉइज बेमध्ये हेक्टर डॉल्फिन दिसले. जेमतेम दीड मीटर लांबीचे, पाठीवरचा पर मिकी माउसच्या कानासारखा गोल. चहाचा कप हातात होता.

पुढे ओवाकाजवळ सुरत बे लागला. हो, आपलंच सुरत! 'सुरत' नावाचं जहाज इंग्लंडहून वसाहतीला येणाऱ्यांना घेऊन आलं आणि १ जानेवारी १८७४ ला या किनाऱ्यावर फुटलं, तेव्हापासून हे नाव. बाबांनी तिथे वाळूत उभं राहून सुरतेच्या लुटीची गोष्ट जावयाला पहिल्यापासून ऐकवली. ती चालू असतानाच शेजारचा 'ओंडका' जांभई देऊन उठला. सी लायन होता. २० मीटरचं अंतर ठेवायचं असतं. आम्ही ते अंतर फार चपळाईने राखलं.

बाकीचं थोडक्यात. आओराकी म्हणजे माउंट कुकच्या पायथ्याशी संवर्धन खात्याचा व्हाइट हॉर्स हिल तळ आहे. वीज नाही, थंडी कडक, पण रात्री डोंगरावरून बर्फ कोसळल्याचा गडगडाट पांघरुणातून ऐकू येतो. तिथून किआ पॉइंटची वाट वडीलधाऱ्यांना जमण्यासारखी आहे. मिलफर्ड साउंड या खाडीकडे जाताना 'ते आनाउ' नावाच्या गावातच टाकी भरा, पुढे जवळजवळ १२० किलोमीटर भरवशाचा पंप नाही. वाटेत होमर बोगद्यापाशी किआ नावाचे डोंगरी पोपट गाड्यांच्या खिडक्यांचं रबर सोलत बसतात. खायला घालू नका, कितीही गोड दिसले तरी. मिलफर्डच्या सँडफ्लाय चिलटांबद्दल माओरी कथा अशी, की जागा इतकी सुंदर झाली की माणसं इथून हलणारच नाहीत, म्हणून देवीने ही चिलटं सोडली. आम्ही दीड तासात हललो.

आता गाडी. चौघांसाठी सहा जणांची घ्या. लहान गाडीत जेवणाचं टेबल रोज रात्री उतरवून पलंग करावा लागतो, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या माळ्यावर शिडीने चढायला तुमच्या वडिलांना सांगणार का? संडास आतच हवा. २०२३ च्या कायद्यापासून गाडीत पक्का बसवलेला संडास असेल तरच 'सेल्फ-कंटेन्ड', म्हणजे पाणी-सांडपाण्याची सोय गाडीतच असल्याचा, दाखला मिळतो. त्यावर काही ठिकाणी फुकट मुक्काम करता येतो, पण नियम प्रत्येक भागाचे वेगळे, पाट्या वाचा. संडासाची टाकी डंप स्टेशनवर आपल्यालाच रिकामी करायची असते. ते काम जावयाने न बोलता अंगावर घेतलं, तेव्हापासून आमच्या घरात त्याचा भाव वधारला आहे.

गाडी आपल्यासारखीच डावीकडून. साडेतीन टनांवरच्या गाडीला ९० ची मर्यादा. एकेरी पुलावर लहान लाल बाण आपल्या बाजूचा असेल तर आपण थांबायचं. डिझेल गाडीला दर किलोमीटरमागे रस्ता कर वेगळा पडतो, भाड्याच्या आकड्यात तो धरलाय का, आधीच विचारा. निघताना सगळे खण खटकन बंद झाले ना पाहा, पहिल्याच चौकात आमचं भडंग गाडीभर झालं. आणि फोडणी देण्याआधी छताची खिडकी उघडा. मोहरी तडतडली की धुराचा भोंगा वाजतो आणि शेजारच्या गाडीतून जर्मन आजोबा आग विझवायला धावत येतात. त्यांना पिठलं आवडलं.

विमानतळावर खाण्याचं जे काही असेल ते फॉर्मवर लिहा. न सांगता सापडलं तर ४०० डॉलर दंड. मध आणि ताजा कढीपत्ता घरीच ठेवा. आईने मसाल्यांची नावं एकेक करून लिहिली आणि ते सगळे सुटले. अडकले ते बाबांचे ट्रेकिंगचे बूट, तळाला राजगडाची माती होती. अधिकारी ते आत घेऊन गेला आणि धुऊन परत आणून दिले. विकत घेतल्यापासून इतके स्वच्छ ते कधीच नव्हते.