श्लुंबर्जे: तांब्याच्या टबापासून बॉम्बे हायपर्यंत

लेकीला एसएलबीत, म्हणजे पूर्वीच्या श्लुंबर्जे कंपनीत, फील्ड इंजिनिअरची नोकरी लागली, पण ही कंपनी तेल काढते की यंत्रं विकते हेच घरात कोणाला कळेना, असं तुम्ही विचारलंय. मी तेलविहिरी खणणाऱ्या रिगवर भूवैज्ञानिक म्हणून बरीच वर्षं काढली आणि या लोकांच्या कागदांवर डोळे फोडले, तेव्हा जरा सविस्तर सांगतो.

तेल ती काढत नाही, विहीर दुसऱ्याची असते. यंत्रं बनवते, पण लॉगिंगची (विहिरीत सोडून खडकाची मोजणी करायची) यंत्रं विकायची नाहीत, आपली माणसं घेऊन जायचं, विहिरीत मोजायचं आणि मोजमापाचे पैसे घ्यायचे, ही तिची मूळ रीत. आता सिमेंटिंग, ड्रिलिंगची अवजारं असा पसारा खूप वाढलाय, पण तुमच्या मुलीचं काम बहुधा या जुन्या धंद्यातच असेल.

एसएलबी हे नाव २०२२ सालचं. त्याआधी श्लुंबर्जे, दोन भावांचं आडनाव. रिगवर त्याचे उच्चार मी इतके ऐकलेत की बिचाऱ्यांनी नाव बदललं ते बरंच झालं. कॉनराड आणि मार्सेल हे आल्सेसमधल्या गेबविलेरचे, कापडगिरणीवाल्या घरातले. थोरला कॉनराड पॅरिसच्या खाणविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायचा. १९११ च्या सुमारास त्याने तिथे तांब्याच्या टबात वाळू भरून तिच्यातून वीज सोडली. जमिनीत विजेला होणारा अडथळा मोजला तर खालचा खडक न खणता ओळखता येईल का, एवढाच प्रश्न. १९१२ मध्ये नॉर्मंडीतल्या घरच्या जमिनीवर त्याने समविभव रेषांचा, म्हणजे सारखा विद्युतदाब असलेले बिंदू जोडणाऱ्या रेषांचा, नकाशा काढला. मग महायुद्ध आलं.

युद्ध संपल्यावर, १९१९ मध्ये, वडिलांनी पाच लाख फ्रँक देऊ केले. करारात अट अशी की शास्त्रीय संशोधनाचं हित पैशाच्या हिताच्या वर राहील. असा बाप मिळायलाही नशीब लागतं.

वरून मोजायचं तंत्र चाललं, पण बेताचंच. १९२३ मध्ये रुमानियात आरिचेश्ती इथे जमिनीखालचा मिठाचा घुमट त्यांनी वरून ओळखला. कंपनी खरी उभी राहिली ती मात्र तीच मोजणी विहिरीत उतरवल्यावर. ड्रिलिंग करताना विहिरीत फिरवलेल्या चिखलासारख्या द्रवाबरोबर, म्हणजे मडबरोबर, वर येणारा खडकाचा चुरा सरमिसळ झालेला असतो, तो नेमका कुठल्या खोलीचा ते सांगणं अवघड. कोअर, म्हणजे खडकाचा अखंड दंडगोल तुकडा, कापून काढली तर खात्री, पण ते वेळखाऊ आणि महाग. खारं पाणी भरलेला खडक वीज सहज जाऊ देतो, तेल भरलेला अडवतो. मग तारच खाली सोडली तर?

५ सप्टेंबर १९२७ रोजी आल्सेसमध्येच, पेशेलब्रॉनच्या तेलक्षेत्रात, हे घडलं. करणारा आंरी डॉल, कॉनराडचा जावई. बेकेलाइटच्या नळ्या जोडून केलेला 'सोंद' (विहिरीत सोडायचं मोजणीचं उपकरण), हाताने फिरवायचा रहाट, दर मीटरला थांबायचं, काटा वाचायचा, वहीत लिहायचं. नंतर ते आकडे जोडून वक्र काढला, तोच जगातला पहिला विद्युत लॉग. त्यांनी त्याला 'कॅरोताज इलेक्त्रिक' म्हटलं, म्हणजे विजेने कोअर काढणं. रशियन लोक लॉगिंगला अजून 'कारोताझ' म्हणतात, कारण १९२९ मध्येच ही मंडळी ग्रोझनीला पोचली होती. त्याच वर्षी व्हेनेझुएला आणि अमेरिकाही. कॉनराड १९३६ मध्ये रशियाहून परतताना स्टॉकहोममध्ये वारला.

माझ्या मते या कथेचा नायक डॉल. पाण्याऐवजी तेलात कालवलेल्या, म्हणजे ऑइल-बेस, मडमधून वीजच जात नाही, तिथे जुनं यंत्र आंधळं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत डॉलने गाडीवर बसवायच्या सुरुंगशोधकावर काम केलं होतं. तारेच्या गुंडाळ्यांनी स्पर्शाशिवाय मोजायचं तेच तत्त्व त्याने विहिरीत आणलं आणि १९४९ मध्ये इंडक्शन लॉगवरचा निबंध छापला.

मोजलेल्या आकड्यावरून छिद्रांत पाणी किती नि तेल किती हे काढायचं सूत्र मात्र बाहेरून आलं. शेल या तेलकंपनीतल्या आर्चीने ते १९४२ मध्ये मांडलं. वाळूच्या खडकात ते छान चालतं. आपल्या बॉम्बे हायला, जिथे १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या रिगने तेल शोधलं, साठा मुख्यतः चुनखडीत आहे. चुनखडीची छिद्रं वेडीवाकडी, त्यामुळे सूत्रातले घातांक पुस्तकातून उचलून भागत नाही. यावरून रात्री-रात्री वाद घातलेत आम्ही.

पुढचा इतिहास शेअरबाजाराचा, तो आवरता घेतो. १९६५ ते १९८५ कंपनीची सूत्रं जाँ रिबू यांच्याकडे होती. नाझींच्या बुखेनवाल्ड छळछावणीतून वाचलेला माणूस. पत्नी कृष्णा या रवींद्रनाथ टागोरांच्या नात्यातल्या आणि आशियाई वस्त्रांच्या मोठ्या जाणकार. रिबूंच्याच काळात, १९७९ मध्ये, फेअरचाइल्ड ही चिप बनवणारी कंपनी सुमारे ४२.५ कोटी डॉलरना घेतली. १९८७ मध्ये ती १२.२ कोटींना विकावी लागली. खडकातली वीज कळते म्हणून सिलिकॉनमधलीही कळेल, असं नसतं.

आता लेकीसाठी एक गोष्ट. १९३१ मध्ये त्यांच्या लक्षात आलं की वरून वीज सोडलीच नाही तरी विहिरीत काटा हलतो. आधी तो मोजमापातला उपद्रव वाटायचा. निघालं असं की मड आणि खडकातलं पाणी यांच्या खारटपणातल्या फरकामुळे जमीनच थोडी वीज तयार करते, आणि शेल (चिकणमातीचा खडक) कुठे संपून वाळू कुठे सुरू होते ते त्यावरून दिसतं. पहिला लॉग हातात आला की डावीकडच्या रकान्यात 'एसपी' (स्पाँटेनियस पोटेन्शियल, म्हणजे आपोआप तयार होणारी वीज) असा वक्र आहे का पाहा म्हणावं. तो हाच काटा.