आईच्या खुब्याच्या सांधेरोपणाला तीन आठवडे झाले. वॉकर कधी सोडायचा, किती चालायचं, मांडी घालता येईल का?

उजवा खुबा, सांधा मागच्या बाजूने उघडलेला आणि पूर्ण भार द्यायची परवानगी, असं तुम्ही लिहिलंय. ते धरूनच सांगतो. डिस्चार्ज कार्डावर वेगळं काही असेल तर कार्डावरचंच पाळा.

वॉकर तारीख बघून सोडत नाहीत, चाल बघून सोडतात. ओटा दोन्ही हातांनी धरून आईंना डावा पाय जरासा उचलायला सांगा. तुम्ही मागे उभे राहा. कंबर डावीकडे खचली किंवा धड उजवीकडे कललं, तर खुब्याच्या बाजूचा स्नायू अजून दुबळा आहे. अशात आधार काढून घेतला की लंगडत चालायची सवय लागते, आणि दुखणं थांबल्यावरही ती सहज जात नाही. वॉकरनंतर काठी, आणि ती डाव्या हातात. बहुतेक जण दुखऱ्या बाजूलाच धरतात. त्याने त्या स्नायूवरचा ताण पुरेसा हलका होत नाही. जिना चढताना डावा पाय आधी, उतरताना काठी आणि उजवा पाय आधी.

व्यायामात एकच नीट करायचा असेल तर हा: ओट्याला धरून उभं राहून उजवा पाय सरळ बाजूला न्यायचा, दोन-तीन सेकंद थांबून सावकाश परत. दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा. चुकतं कुठे? पावलाची बोटं बाहेर वळतात, धड डावीकडे झुकतं, पाय भरपूर वर गेल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात काम मांडीच्या पुढचा स्नायू करतो. बोटं समोर ठेवा; पाय वीतभर गेला तरी पुष्कळ.

चालणं पाच ते दहा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. दर दोन-तीन दिवसांनी एक-दोन मिनिटं वाढवा. संध्याकाळी पायाला थोडी सूज येते, आडवं होऊन पाय उंच ठेवला की उतरते. दुसऱ्या दिवशी सकाळीही दुखणं किंवा सूज वाढलेलीच दिसली तर आदल्या दिवशी जास्त झालं.

आता मांडी. लोक मांडीला घाबरतात आणि खुर्चीत पायावर पाय टाकून खुशाल बसतात. धोका उलट आहे. खुबा खूप वाकलेला, गुडघा मधली रेषा ओलांडून आत आणि पाय आत वळलेला, या तिन्ही गोष्टी जुळल्या की सांध्याचा गोळा खोबणीतून मागे निसटतो. खुर्चीत बसल्या बसल्या उजव्या बाजूला खाली पडलेली चप्पल उचलताना नेमकं हेच होतं. मांडीत गुडघा बाहेर जातो. तिथे खरी अडचण जमिनीवर बसण्या-उठण्याची. म्हणून तीन महिने मांडीचं नावही नको, पुढे सर्जनला विचारून. उकिडवं बसणं आणि भारतीय संडास मात्र मी कायमचे बंदच धरायला सांगेन.

तोवर घर बदला. बसल्यावर गुडघा खुब्यापेक्षा खाली राहील अशी हातांची खुर्ची, कमोडवर चार ते सहा इंचांचा उंचवटा, झोपताना पायांमध्ये उशी. देवघर जमिनीलगत असेल तर देव वर मांडा. खुर्चीतून उठताना आधी कडेला सरकायचं, उजवा पाय पुढे, मग हातांवर जोर. वळताना उजव्या पायावर गर्रकन नाही, लहान पावलं टाकत.

तीन महिन्यांनंतर पोहणं, उंच सीटची सायकल, लांब फेरफटका हे सहसा चालतं. धावणं, उड्या नकोत.

एका पोटरीत दुखून सूज आली, जखमेतून स्राव येऊ लागला किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. अचानक दम लागला, छातीत दुखलं, किंवा कळ येऊन पाय आखूड आणि आत वळलेला दिसला, तर ओढून बघू नका, उभं करू नका, ॲम्ब्युलन्स बोलवा.