नवं डोमेन मोबाइलवर दिसतं, ऑफिसात का नाही?

प्रश्न : काल .कॉम डोमेन घेतलं. मोबाइलवर साइट उघडते, ऑफिसच्या संगणकावर ‘सर्व्हर सापडत नाही’ असं येतं. विक्रेता म्हणतो, डोमेन जगभर पसरायला ४८ तास लागतात. खरं आहे का? — एक वाचक, सांगली

उत्तर : नाही. नाव कुठेही पसरत नसतं. ज्याला हवं तो विचारत जातो. इंटरनेट कंपनीचा रिझॉल्व्हर (नावावरून पत्ता शोधून देणारा सर्व्हर) सगळ्यांत वरच्या रूट सर्व्हरला विचारतो, तो .कॉमच्या सर्व्हरांकडे पाठवतो, ते तुमचे नेमसर्व्हर (तुमच्या डोमेनच्या नोंदी ठेवणारे सर्व्हर) कोणते ते सांगतात आणि आयपी पत्ता (साइटचा आकड्यांतला पत्ता) मिळतो तो त्या नेमसर्व्हरकडून. नोंदणीनंतर .कॉमच्या यादीत तुमचं नाव सहसा काही मिनिटांतच येतं.

मग अडतं कुठे? बहुतेक वेळा घाईत. ‘असं नाव नाही’ हे उत्तरसुद्धा रिझॉल्व्हर साठवून ठेवतो. नोंदणीआधीच कुणी नाव टाकून पाहिलं असेल, तर .कॉमचा नकार १५ मिनिटांत विरतो. पण नेमसर्व्हर जोडले आणि त्यांवर ए रेकॉर्ड, म्हणजे आयपी पत्त्याची नोंद (किंवा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूचा रेकॉर्ड) नंतर टाकला, तर नकाराची मुदत तुमच्याच एसओए रेकॉर्डमधून (नेमसर्व्हरवरची डोमेनची मुख्य नोंद) ठरते. तिथे शेवटचा आकडा ८६४०० (सेकंद, म्हणजे एक दिवस) असेल, तर दिवसभरही खोळंबा होऊ शकतो! तो ३६०० किंवा त्याहून कमी ठेवा. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी रेकॉर्ड, मग नेमसर्व्हर, मग ब्राउझर.

ऑफिसच्या संगणकावर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘एनएसलुकअप’, पुढे डोमेन आणि त्यापुढे ८.८.८.८ (हा गूगलचा सार्वजनिक रिझॉल्व्हर) असं इंग्रजी अक्षरांत टाइप करा. पत्ता आला, तर डोमेन ठीक आहे. ऑफिसच्या रिझॉल्व्हरमध्ये जुना नकार आहे, किंवा नव्या डोमेनना अडवणारा फिल्टर तिथे लावलेला आहे. संगणकाची डीएनएस कॅश (साठवलेली उत्तरं) पुसून फक्त तो संगणक साफ होतो, रिझॉल्व्हर नाही. उत्तर ‘सर्व्हर फेल’ आलं, तर डीएनएससेक (डोमेनच्या नोंदींवरची डिजिटल सही) तपासा: रजिस्ट्रारकडे (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडे) चुकीचा डीएस रेकॉर्ड (त्या सहीच्या चावीची नोंद) असेल, तर सही तपासणारे रिझॉल्व्हर साइट नाकारतात, न तपासणारे उघडतात. हा दोष कितीही थांबलात तरी जात नाही.

४८ तासांचा आकडा मात्र हवेतला नाही. .कॉमच्या यादीतल्या नेमसर्व्हर नोंदींची मुदत १,७२,८०० सेकंद, म्हणजे ४८ तास असते. चालू डोमेनचे नेमसर्व्हर बदलताना ती लागू पडते. तेव्हा जुने नेमसर्व्हर किमान दोन दिवस चालू ठेवा.

आणि रजिस्ट्रारचा पडताळणीचा ईमेल आला असेल, तर त्यातली लिंक आजच उघडा. १५ दिवसांत पडताळणी झाली नाही, तर डोमेन स्थगित होऊ शकतं.