सुरी कुणाच्या हातची, ते आधी विचारा

हातानं घडवलेल्या सुऱ्यांत घातलेले पैसे पुढे टिकतात का, असं विचारणारी बरीच पत्रं या वेळी आली. त्यांतली चार घेतो.

ठाण्याहून एक वाचक: ‘अमेरिकेतला भाऊ दिवाळीला येतोय. साठ हजारांपर्यंत कोणती सुरी मागवली तर दहा वर्षांनीही तिला भाव मिळेल?’

पोलाद कुठलं आणि मुठीचं लाकूड कुठलं, हे नंतर बघू. भाव टिकतो तो कारागिराच्या नावाला. अमेरिकेतले नामी सुरी-कारागीर बॉब लव्हलेस यांचंच बघा. ते न्यूयॉर्कच्या एका बड्या दुकानात रँडल या दुसऱ्या कारागिराची सुरी घ्यायला गेले. ‘नऊ महिने थांबावं लागेल’ असं उत्तर मिळालं, तेव्हा त्यांनी स्वतःच एक घडवली. १९५४ पासून त्याच दुकानात त्यांच्या सुऱ्या विकायला लागल्या. त्यांनी रूढ केलेल्या उतरत्या टोकाच्या शिकारी सुरीची घडण आज जगभरचे कारागीर उचलतात. २०१० मध्ये ते गेले. त्यांच्या हातची सुरी आता हजारो डॉलरना जाते आणि तिच्या नकलाही तितक्याच फिरतात. त्यामुळे साठ हजारांत कुणी ‘लव्हलेस’ देऊ केली, तर भावाला तिथूनच परत फिरायला सांगा.

तुमच्या रकमेत हयात कारागीर शोधा. त्याला दोन गोष्टी विचारा: आज ऑर्डर दिली तर सुरी कधी मिळेल, आणि तुमची जुनी सुरी दुसऱ्या हाती कितीला जाते? वर्षभराची रांग असेल आणि दुसऱ्या हातची सुरीही नव्याच्या भावाला जात असेल, तर बिनघोर घ्या. रांग नसेल तर सुरी आवडली म्हणून जरूर घ्या, पण गुंतवणूक म्हणून नको. बहुतेक हातघडणीच्या सुऱ्या विकायला काढल्या की घेतल्या भावाच्या खालीच जातात, हे मी बरीच वर्षं बघतोय.

पात्यावर जेएस किंवा एमएस अशी खूण दिसली तर तिला मान द्या. बिल मोरान आणि त्यांच्या सोबत्यांनी १९७६ मध्ये अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी काढली, तिच्या जर्नीमन आणि मास्टर स्मिथ या पायऱ्यांच्या त्या खुणा. परीक्षेत एकच सुरी सगळं सोसते. एका घावात इंचभर जाडीचा लोंबता दोर कापायचा, लाकडी बल्ली तोडायची, त्यानंतरही हातावरची लव निघाली पाहिजे, आणि शेवटी पातं शिकंज्यात धरून ९० अंशांत वाकवायचं. ते तुटता कामा नये. धार कडक आणि पाठ चिवट, असं पाणी ज्याला देता येतं तोच यातून पार होतो.

मूठ मात्र सांबरशिंगाची नको. तिकडच्या संग्राहकांना ती फार प्रिय, पण आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो व्यापार बंद आहे. अक्रोडाची किंवा मायकार्टाची (राळेत दाबून घट्ट केलेल्या कापडाची) घ्या. पातं ९ इंचांच्या आत आणि २ इंचांहून अरुंद ठेवा, म्हणजे शस्त्र नियमांचा प्रश्न येणार नाही. बिल, डबी आणि कारागिराची चिठ्ठी जपून ठेवा. धार एकदाही लावू नका.

विलेपार्ल्याहून: ‘साडेतीन हजारांत ५०० थरांची दमास्कस सुरी मिळतेय. घेऊ?’

भाजी चिरायला घ्या. थर मोजून भाव मिळत नाही. दोन पोलादं एकावर एक ठेवून, घडी घालून ठोकली आणि आम्लात बुडवली की नक्षी उठते. जुनी, मूळची दमास्कस पाती ज्याची होत, ते दक्खनचं उक्कू पोलाद वेगळं. ते मुशीत वितळवून केलेलं, आणि त्याचा जौहर, म्हणजे पात्यावरची लहरींची नक्षी, पोलादाच्या आतून येतो.

गिरगावातून: ‘पणजोबांची कट्यार सापडली. मुठीवर सोनेरी वेलबुट्टी आहे, पात्यावर गंज. ओळखीचा एक जण बफ मारून चकचकीत करून देतो म्हणतो.’

हात जोडून सांगतो, देऊ नका. पंचवीस वर्षांपूर्वी चोर बाजारात, मटण स्ट्रीटवर मी एक बिचवा घेतला आणि हौसेनं पॉलिश करायला दिला. तो आरशासारखा होऊन आला. दुकानात खिडकीपाशी तिरपा धरल्यावर पात्यावर पाण्याच्या लहरींसारखं जे दिसलं होतं, ते पार गेलं होतं. तो जौहर होता. आजही कपाट उघडलं की वाईट वाटतं.

तुमच्या मुठीवरचं काम बहुधा कोफ्तगिरीचं असावं. पोलादावर बारीक आडव्या-उभ्या रेघा खरवडून त्यांत सोन्याची तार ठोकून बसवतात. बफचं चाक सोनंही नेतं आणि रेघाही. मऊ सुती फडक्याला थेंबभर हलकं तेल लावा आणि सैल गंज तेवढा टिपा. पुढचं काम संग्रहालयाच्या जतनतज्ज्ञांना विचारून करा. आणि वस्तू १०० वर्षांहून जुनी असेल तर ती १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येते. परदेशातला गिऱ्हाईक कितीही देवो, तिला देशाबाहेर पाठवता येत नाही.

डोंबिवलीहून: ‘पावसाळ्यात सुऱ्या म्यानातच ठेवू ना?’

नको. कमावलेल्या चामड्यात आम्लं उरतात आणि मुंबईची हवा त्यांना ओल पुरवते. एका जूनमध्ये मी म्यानात विसरलेल्या सुरीच्या मुठीपुढच्या पितळी आडणीवर ऑगस्टमध्ये हिरवं कीट होतं, आणि पात्यावर म्यानाच्या शिवणीची रेघ उमटली होती, टाका न् टाका मोजता यावा इतकी स्पष्ट. सुरी वेगळी ठेवा, म्यान वेगळं. पात्यावर मेणाचा पातळ हात द्या, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि दर पंधरा दिवसांनी उघडून बघा. सेल्युलॉइड या जुन्या प्लास्टिकच्या मुठीची सुरी असेल तर तिला स्वतंत्र डबा द्या. ते कुजताना जी वाफ सोडतं, त्यानं शेजारच्या सुऱ्याही गंजतात.