स्टॉकिंगला मराठीत काय म्हणायचं? पाठलाग, पाळत की पिच्छा?

प्रश्न असा आलाय की कॉलेजात स्टॉकिंगबद्दल (म्हणजे नको असताना एखादीच्या सतत मागावर राहणं, तिच्यावर नजर ठेवणं) पोस्टर लावायचंय, मराठी शब्द हवाय, 'पाठलाग' लिहिलं तर पोरं म्हणतात हे चोर-पोलिस वाटतं. पोरांचं बरोबर आहे. पाठलागाला शेवट असतो, चोर सापडतो नाहीतर निसटतो, संपलं. क्रिकेटच्या बातमीत धावसंख्येचा पाठलागसुद्धा पन्नास ओव्हरमध्ये आटपतो. आणि पाठलागात पुढचा माणूस पळत असतो. इथे कोणीच पळत नसतं हो, ती रोजच्यासारखी स्टॉपवर उभी असते आणि तोही रोज तिथेच उभा असतो, लांबून बघणाऱ्याला काहीच घडत नाहीये असं वाटतं.

पण म्हणून 'पाठलाग' फेकून देऊ नका, पोलिसांच्या आणि कोर्टाच्या मराठीत तोच चालतो. निर्भया प्रकरणानंतर कायद्यात सुधारणा सुचवायला नेमलेल्या वर्मा समितीचा अहवाल आला आणि २०१३ च्या दुरुस्तीत भादंविमध्ये, म्हणजे जुन्या भारतीय दंड विधानात, ३५४-ड हे कलम आलं, १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेत कलम ७८ आहे. कलमाचे साधारण दोन भाग आहेत. एक, बाईने आपल्याला रस नाही हे स्पष्ट दाखवल्यावरही पुन्हा पुन्हा तिच्या मागे जाऊन संपर्क साधणं किंवा साधायचा प्रयत्न करत राहणं. दोन, तिच्या इंटरनेट, ईमेल, मेसेज वगैरे वापरावर नजर ठेवणं. म्हणजे 'पाठलाग' नावाच्या गुन्ह्यात माणूस घरी गादीवर लोळत मोबाईल बघत असेल तरी बसतो! या दुसऱ्या भागाला मराठीत अगदी चपखल शब्द आहे, पाळत. तिचं व्हॉट्सॅप दुसऱ्या कुठल्या लॅपटॉपवर उघडं ठेवून वाचणं ही पाळत, लोकेशन बघत बसणं ही पाळत.

पहिल्या भागासाठी मी 'पिच्छा पुरवणे' घेईन. हिंदीतला पीछा नुसता मागे जाण्यालाही चालतो, पण मराठीत पिच्छा पुरवला म्हटलं की पुन्हा पुन्हा आणि समोरच्याला नको असताना, हे दोन्ही न सांगता येतं. शिवाय आपण 'पिच्छा सोड' म्हणतो, म्हणजे त्रास होणाऱ्याची बाजूही शब्दातच आहे. आणि पिच्छा पुरवायला रस्ता लागतोच असं नाही. सगळीकडून ब्लॉक केल्यावर यूपीआयवर एक रुपया पाठवून खाली नोटमध्ये 'जेवलीस का' लिहिणारे महाभाग आहेत. पैसे आल्याचं नोटिफिकेशन वाजतं, बघावं लागतं, आणि घरचे म्हणतात अगं एक रुपयाच तर आहे. त्या एक रुपयाचासुद्धा स्क्रीनशॉट ठेवायचा असतो, तारखेसकट.

कोणीतरी 'ससेमिरा' सुचवलाय. शब्द भारी आहे, विक्रमाच्या गोष्टींतल्या राजपुत्राने विश्वासाने झोपलेल्या अस्वलाला दगा दिला आणि तो वेडा होऊन 'ससेमिरा ससेमिरा' बरळत सुटला, चार श्लोकांची पहिली अक्षरं ती. पण हल्ली ससेमिरा म्हटलं की लोकांना ईडीच आठवते त्यामुळे पोस्टरवर नको.

काय लिहू नये याची यादी मात्र माझ्याकडे मोठी आहे. रोडरोमिओ, सडकसख्याहरी, मजनू, प्रेमवीर. सगळे ऐकायला गमतीदार, आणि तिथेच घोळ आहे, असल्या शब्दांनी तक्रार घेऊन गेलेली मुलगीच ओव्हर रिअ‍ॅक्ट करतेय असं दिसतं. 'छेडछाड' पण त्यातलीच. आणि सगळ्यात वाईट म्हणजे 'एकतर्फी प्रेम'. हिंगणघाटला फेब्रुवारी २०२० मध्ये तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवलं तेव्हाही बातम्यांत 'एकतर्फी प्रेमातून' हे आलंच होतं. अहो त्यात प्रेम कुठे आहे? वाचणाऱ्याला नकळत त्याच्याबद्दल बिचारा वाटायला लागतं. 'मागे लागलाय' हा शब्दप्रयोगही जपून वापरा, कारण स्थळ बघतानाही आपण कौतुकाने तेच म्हणतो.

तक्रारीच्या वेळी मात्र शब्दांचा फार फरक पडतो. चौकीत 'एनसी करून घेतो' म्हणाले तर समजा की ती अदखलपात्र नोंद, त्यावर कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. कलम ७८ दखलपात्र आहे, म्हणजे एफआयआर व्हायला हवा, आणि त्याची कॉपी फुकट मिळते. हद्द आमची नाही म्हणाले तर झिरो एफआयआर मागा, म्हणजे हद्द कुणाचीही असो, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो तो एफआयआर. या गुन्ह्यात बाईची माहिती महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते. अर्जात 'तो मला त्रास देतो' एवढंच लिहू नका, कधी, कुठे, काय आणि मी कधी 'नको' म्हणाले हे लिहा. ते 'नको' एकदाच, स्पष्ट, शक्यतो लेखी, नंतर त्याच्याशी वाद घालत बसायचं नाही, आणि रागाच्या भरात चॅट डिलीट तर अजिबात करायचं नाही. शिक्षा पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केलं तर पाच वर्षांपर्यंत, पण पहिल्या वेळी जामीनपात्र आहे त्यामुळे तो लगेच बाहेर दिसू शकतो, हे तिला आधीच सांगून ठेवा. मैत्रिणीने 'दुर्लक्ष कर' म्हणण्यापेक्षा 'चल मी येते चौकीत' म्हणावं. (त्रास मुलाला होत असेल तर हे कलम लागत नाही, तिथे धमकीसारखी दुसरी कलमं बघावी लागतात.)

आता 'स्टॉकिंग' तसंच देवनागरीत लिहू का, हा उपप्रश्न. लिहा पण एकटं नको, आधीच शेअरवाला स्टॉक आणि हा स्टॉक देवनागरीत सारखाच दिसतो, त्यात पोरं 'काल तिचं इन्स्टा स्टॉक केलं' असं हसत हसत म्हणतात त्यामुळे शब्दाची धार गेलीये. मी असं करेन: वर मोठ्या अक्षरात 'नको म्हटल्यावरही पिच्छा? मोबाईलवर पाळत? हा गुन्हा आहे', खाली बारीक 'स्टॉकिंग, भारतीय न्याय संहिता कलम ७८', आणि त्याखाली ११२ (तातडीची मदत) आणि १८१ (महिला हेल्पलाइन) हे नंबर. आणि हो, एक प्रत लेडीज वॉशरूमच्या दाराला आतून लावा, नोटीस बोर्डापुढे सगळ्यांदेखत उभं राहून नंबर उतरवून घ्यायला कोण धजणार.