आयर्लंडच्या जुन्या नोंदींत ‘टाउनलँड’, ‘पॅरिश’, ‘बॅरनी’ असं लिहिलेलं असतं. यातलं गाव नेमकं कोणतं?

खरं तर यातलं एकही नाही. टाउनलँड म्हणजे शिवार: ओढा, बांध, डोंगरधार अशा खुणांनी आखलेला जमिनीचा तुकडा. त्यात घरं असतील, नसतीलही. नावातल्या ‘टाउन’मुळे सगळे फसतात. देशभरात अशी 60 हजारांहून अधिक शिवारं आहेत. अनेक शिवारं मिळून सिव्हिल पॅरिश, अनेक पॅरिश मिळून बॅरनी आणि त्यावर काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग.

केरी काउंटीतला डिंगल द्वीपकल्पाचा किनारा घ्या. बॅरनी कॉर्कागिनी, तिच्या पश्चिम टोकाला डनक्विन पॅरिश, आणि त्यात समुद्रावर उतरणारं कूमिनोल हे शिवार. समोरच्या ग्रेट ब्लास्केट बेटावरची वस्ती 1953 मध्ये हलवली. माणसं गेली, बेटाचं नाव मात्र नकाशावर आहे.

नावं नीट वाचा, फार काही सांगतात. ‘बॅली’ म्हणजे आयरिश ‘बाल्य’, वस्ती. ‘किल’ बहुधा ‘किल्य’, चर्च. ‘डन’ म्हणजे गढी. 1824 नंतरच्या ऑर्डनन्स सर्व्हेत, म्हणजे सरकारी नकाशा-मोजणीत, ही नावं इंग्रजी उच्चारानुसार लिहिली गेली आणि बऱ्याच नावांचा अर्थ पुसट झाला, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पूर्वज शोधत असाल तर आधी टाउनलँड पक्कं करा. 1847 ते 1864 दरम्यानचं ग्रिफिथचं मूल्यांकन, म्हणजे कर आकारण्यासाठी केलेली जमिनी-घरांची सरकारी नोंद, बॅरनी, पॅरिश, टाउनलँड अशी लावलेली आहे: कोणाकडे किती जमीन, ती कोणाकडून खंडाने घेतलेली, सगळं त्यात आहे. एकाच नावाची शिवारं अनेक असतात, म्हणून पॅरिश आणि बॅरनीही टिपून ठेवा.