गुडघ्याचं मॉडेल आणि ऑपरेशनचा निर्णय

प्रश्न : माझी मुलगी १९ वर्षांची, कबड्डीत चढाई करते. पकडीत पाय पिळला आणि एमआरआयमध्ये एसीएल लिगामेंट (नडगीला पुढे सरकू न देणारी गुडघ्यातली दोरी) पूर्ण तुटल्याचं आलं. डॉक्टर ऑपरेशन सांगतात. पुण्यात इंजिनिअरिंग शिकणारा माझा भाचा म्हणतो, एमआरआयवरून गुडघ्याचं कॉम्प्युटर मॉडेल करू, ऑपरेशनशिवाय भागेल का ते कळेल. तोवर थांबावं का? – एक आई, इस्लामपूर

उत्तर : ताई, भाच्याचा उत्साह माझ्या ओळखीचा आहे. मीही मेकॅनिकलचाच. गुडघ्याचं पहिलं मॉडेल मी रात्रभर चालवलं आणि सकाळी बघतो तर नडगीचं हाड मांडीच्या हाडात घुसून पलीकडे निघालेलं! मधली मेनिस्कसची गादी मी 'नंतर बघू' म्हणून वगळली होती.

मॉडेल बिनकामाचं नाही. जिवंत गुडघ्यात एसीएल काढून पाहता येत नाही, मॉडेलमध्ये येतं. मग दिसतं की नडगी पुढे सरकते आणि तिला अडवायचा भार आतल्या मेनिस्कसच्या मागच्या भागावर पडतो. ते काही या गादीचं मूळ काम नव्हे. म्हणूनच गुडघा सटकत असताना खेळत राहिलं की गादीही फाटते. बसून पायाला वजन बांधून गुडघा सरळ करायचा व्यायामही फिजिओला विचारल्याशिवाय नको. पाय सरळ होताना शेवटच्या तीसेक अंशांत मांडीचा पुढचा स्नायू नडगीला पुढेच ओढतो.

अडतं कुठे, तर लिगामेंट नेमक्या किती लांबीला ताणलं जायला लागतं, तिथे. एमआरआयमध्ये दोरी दिसते, दोरीतला ताण दिसत नाही. प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत तरुण एसीएल सरासरी २१६० न्यूटनला, म्हणजे २२० किलोच्या ओझ्याला तुटलं. पण एकदा ताठ झालं की पुढच्या दर मिलिमीटरला जोर २४२ न्यूटननं वाढतो. म्हणजे आपला अंदाज मिलिमीटरभर चुकला की उत्तरात पंचवीस किलोचा घोळ. शाबूत राहिलेल्या लिगामेंटांच्या बाबतीतही हीच रड.

भाचा बहुधा फुकट मिळणारं तयार मॉडेल उतरवून घेईल. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या 'ओपन नी'मधला पहिला गुडघा ७० वर्षांच्या एका बाईंचा आहे, मरणोत्तर दिलेला. वर सांगितलेल्या चाचण्यांत साठीपुढचं लिगामेंट ६५८ न्यूटनलाच तुटलं होतं. तुमची लेक १९ची, तीही चढाई करणारी!

तेव्हा मॉडेलसाठी थांबू नका. गुडघा जरासा वाकवून, नडगी हातानं पुढे ओढून सर्जन जे तपासतात, ते आजही जास्त भरवशाचं. त्यांना दोनच गोष्टी नीट सांगा : रोजच्या चालण्यात, जिन्यावर गुडघा सटकतो का, आणि मुलीला पुन्हा चढाईला उतरायचंय का.

भाच्यानं मॉडेल केलंच, तर ते मला जरूर पाठवा. लिगामेंटची सैल, म्हणजे ताण सुरू होण्याआधीची, लांबी त्यानं किती धरली आणि कशावरून, एवढंच आधी विचारेन.